वाचन-वहीचा उपक्रम करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 23 वर्षं मराठी शिकवते. दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली स्वमताचा तीन गुणांचा प्रश्न असतो. दिवाळीची सुट्टी संपली की मुलं टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "बाई, स्वमत लिहून द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता हसता येत नाही, कारण कितीदा तरी मी ते लिहून दिलंय. नाही दिलं तर गाईड आहेच. 'माझ्या मते'पासून पुढे 42 वह्यांत स्वल्पविरामासकट तेच.

म्हणून चार वर्षांपूर्वी वाचन-वही सुरू केली. मी शिकवण्याआधी पाठ किंवा कविता घरी वाचायची आणि पानभर लिहायचं. सारांश नको. समजलं नाही, आवडलं नाही, झोप आली, काहीही चालेल. गुण नाहीत. जे पान मी वाचू नये असं वाटेल ते दुमडायचं.

पहिलं वर्ष मीच वाया घालवलं. सवयीनं लाल पेन हातात आलं आणि ऱ्हस्व-दीर्घांना गोल करत बसले. सहामाहीपर्यंत वहीन् वही 'या पाठातून आपल्याला बोध मिळतो की' म्हणायला लागली. त्या वाक्यात चूक निघत नाही, हे पोरांनी बरोबर हेरलं होतं. पुढच्या जूनपासून पेन्सिल घेतली. पानाखाली एकच प्रश्न लिहायचा, बाकी काही नाही.

नारायण सुर्वे यांच्या 'दोन दिवस'वर एकानं लिहिलं, "आमच्या घरी दिवस मोजत नाहीत, हप्ते मोजतात. मंगळवारी गटाच्या मॅडम कर्जाचा हप्ता न्यायला येतात." मी खाली विचारलं, मंगळवारी तू कुठं असतोस? उत्तर आलं, "घरीच. मॅडमला पाणी मी देतो." त्याला विचारून ते पान वर्गात वाचलं, तेव्हा कळलं की निम्मा वर्ग मंगळवारचा आहे. काही शुक्रवारचे निघाले. रसग्रहणाचे गुण याला कुणी देणार नाही, पण त्या तासाला मला कविता समजावून सांगावी लागली नाही.

इंदिरा संत यांची 'औक्षण', सैनिकाला ओवाळण्याची कविता, एका मुलीला अजिबात आवडली नाही. तिचा भाऊ सैन्यभरतीसाठी पहाटे पळतो. "आता चारच वर्षांसाठी घेतात. मग चार वेळा ओवाळायचं आणि पुढं काय?" आमचे शिपाईमामा माजी सैनिक. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पोरगीला म्हणावं, कँटीनचं कार्डबी न्हाई मिळायचं." ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं पाठवणारं गाव आहे, तिथली ही पानं आहेत.

आता पत्राचं कारण. गेल्या महिन्यात एका बैठकीत या वहीचं कौतुक झालं. ती सगळीकडे राबवावी आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांतले पाच तिला द्यावेत, अशी सूचनाही आली. हेतू चांगला आहे. पण त्या 20 गुणांचं काय होतं ते आपण जाणतो. एक वर्ष भाषेचे ते गुण काढले, 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला आणि लगोलग ते परत आणले. शाळा ते किती सढळ हातानं वाटतात हे मी वेगळं सांगायला नको, मीही त्यातलीच. वहीला पाच गुण मिळाले की पुढच्या जूनला दुकानात तिचं गाईड लागेल, नमुना पानांसह. शिवाय फोटो, लिंक, अहवाल. मी रोज मधल्या सुट्टीत सात वह्या वाचते, तेवढ्याच होतात. सत्तर मुलांच्या तुकडीला शिकवणाऱ्याला हे करा म्हणायची माझी छाती नाही. ज्याला जमेल त्याला करू द्यावं आणि कुणी मोजायला येऊ नये.

दोन वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या साहेबांनी या वह्या मागवल्या. "लाल शाई कुठं दिसत नाही, म्हणजे तपासलेल्या नाहीत." मग एक दुमडलेलं पान उघडलं आणि त्यातल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, "लिहिते मात्र छान" म्हणत. मुलगी हजेरीपत्रक घेऊन दारातच उभी होती. मी त्यांच्या हातातून वही घ्यायला हवी होती. घेतली नाही.

सोमवारी तिनं नवी वही आणली, खाकी कव्हर घातलेली. पहिलं पान पु. ल. देशपांडे यांच्या 'उपास'वर होतं. वर्गात तो पाठ वाचताना सगळ्यात जास्त हीच हसली होती. पानावर एकच ओळ होती : 'या पाठातून आपल्याला संयमाचे महत्त्व कळते.'

आपली,
एक मराठी शिक्षिका
ता. कोरेगाव, जि. सातारा