त्याला आडवं करू नकोस

प्रिय विनायक,

येवल्याच्या रुग्णालयात बदली झाल्याचं कळलं. पैठणीचं गाव मिळालं म्हणून वहिनी खूश असतील, पण माझं मन आधी संक्रांतीकडेच धावलं. तिथे पतंगांचा जोर किती असतो हे तुला ठाऊक आहे. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. दुचाकीवरच्या माणसाचा गळा त्याने चिरला, तर नाशिक गाठेपर्यंत सगळा भार तुझ्यावर.

तो पुढे वाकून बसलेला असेल, तर त्याला तसंच बसू दे. रक्त बाहेर गळतंय आणि श्वास चाललाय, हे त्याने स्वतःच साधलेलं असतं. उताणं झोपवलंस की रक्त मागे घशात उतरतं आणि श्वास कोंडतो. नातेवाईक, वॉर्डबॉय, सगळे स्ट्रेचरवर आडवं करायची घाई करतील. तू ठाम राहा.

रक्त वाहतंय तिथे बोटांनी थेट दाब दे, गळ्याभोवती पट्टी आवळू नकोस. आवाज घोगरा झालाय का, कातडीखाली हवा कुरकुरते का, ते बघ. जखमेतून फेसाळ बुडबुडे येत असतील तर श्वासनलिका उघडी पडली आहे. ते छिद्र बुजवायचं नाही. तोंडातून घातलेली श्वासाची ट्यूब अशा वेळी चिरेतून बाहेर मांसात शिरू शकते. श्वासनलिका डोळ्यांना दिसत असेल, तर खालचं टोक आधी ॲलिसच्या चिमट्याने धर, नाहीतर पूर्ण तुटलेली नळी छातीकडे ओढली जाते. मग त्याच वाटेने ६ नंबरची ट्यूब घाल. श्वास देणारी अंबू बॅग जोरात दाबू नकोस, मान फुगत जाते. आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन सवयीने देऊ नकोस रे! पुढची वाट हाताशी नसताना त्याचा स्वतःचा श्वास थांबवणं मला फार भीतीदायक वाटतं.

तोंडातून जमत नाही, ऑक्सिजन उतरतोय आणि स्वरयंत्र शाबूत आहे, तर क्रायको, म्हणजे कंठमण्याखालच्या पडद्यातून श्वासाला वाट. कातडीवर उभा छेद, मग पडद्यावर आडवा, बोट आत, बोटाशेजारून बूजी, म्हणजे वाट दाखवणारी लवचिक कांडी, बूजीवरून ट्यूब. लहान मुलांत मात्र हे करायचं नाही. स्वरयंत्रच चेचलं असेल तर त्याखाली श्वासनलिकेतच छिद्र, ट्रॅकिऑस्टॉमी.

१० नंबरचं ब्लेड, बूजी आणि ट्यूब एकाच ट्रेमध्ये कॅज्युअल्टीत ठेव, कुलपात नको. डिसेंबरातला एक रविवार मोकळा ठेव, मी येतो. मटणवाल्याला दोन-चार बोकडांच्या श्वासनलिका स्वरयंत्रासकट ठेवायला सांग. तू, मी आणि तुझ्या सिस्टर, सगळ्यांनीच हात बसवून घेऊ. १०८ वरच्या डॉक्टरांनाही बोलव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव