यादीतल्या कंपन्या घेण्याआधी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

स्क्रीनरवर, म्हणजे अटी घालून शेअर चाळायच्या संकेतस्थळावर, काढलेली तुझी यादी मिळाली. बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) ५०० कोटींच्या वर, आरओसीई (धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावरची कमाई) २० टक्क्यांच्या वर, पी/ई (बाजारमूल्य वर्षाच्या नफ्याच्या किती पट ते) १५ च्या खाली. अटी चांगल्या आहेत. पण 'सगळ्यांतले थोडे थोडे घेऊन टाकतो' असं तू लिहिलंस, म्हणून लगेच लिहायला बसलो. हे पैसे मुक्ताच्या शिक्षणाचे आहेत रे. हजारो कंपन्यांपैकी कुठल्या वाचायच्या, एवढंच ही यादी सांगते.

समज, एका कंपनीचं बाजारमूल्य ६०० कोटी, नफा ६० कोटी. पी/ई १०, आली यादीत. आता तिच्या नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' बघ. नफ्यातले ३५ कोटी कारखान्याची जुनी जमीन विकून आले असतील, तर धंद्याची कमाई उरली २५ कोटी आणि पी/ई झाला २४! जमीन काही दरवर्षी विकता येत नाही. पोलादासारख्या धंद्यात तर भाव चढले की नफा फुगतो, आणि शेअर नेमका तेव्हाच स्वस्त दिसतो. म्हणून एका वर्षावर जाऊ नकोस, दहा वर्षांचे आकडे ओळीने वाच.

मग पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज कर आणि शेजारी धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या रोकडीची. रोकड फारच कमी भरली, तर पैसा उधारीत किंवा पडून राहिलेल्या मालात अडकलाय का ते शोध. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण टाकलेत का तेही बघ. बँकांना मात्र आरओसीईची अट लावू नकोस, त्यांचा धंदाच लोकांच्या ठेवींवर चालतो.

आणि मुळात हिशेबच खोटे असले तर? सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठव. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्रात कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. स्क्रीनर कंपनीने जाहीर केलेलेच आकडे मांडतो, ते खरे की खोटे हे तो कसं सांगणार? त्यासाठी ऑडिटरचा अहवाल आणि संबंधित पक्षांशी (म्हणजे मालकांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी) झालेले व्यवहार वाचायलाच हवेत. मी तर वार्षिक अहवाल मागच्या टिपांपासून वाचायला घेतो.

यादीतल्या तुला धंदा कळतो अशा तीनच कंपन्या निवड. त्यांचे अहवाल स्क्रीनरवरच कंपनीच्या पानावर खाली मिळतील. वाचून झाले की फोन कर, आपण मिळून बोलू. तोवर एकही शेअर घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
विनायक