फारुकींचा खानदेश आणि ‘एकसंध’ ब्रिटन

माननीय संपादक महोदय, स. न.

आपल्या रविवार पुरवणीत नुकत्याच आलेल्या एका लेखात असे विधान आहे की, ब्रिटन पूर्वापार एका राजाच्या छत्राखाली एकसंध होते, आपला मुलूख मात्र खानदेशच्या फारुकींसारख्या लहानसहान सत्तांत वाटला गेला होता, आणि म्हणूनच पुढे इंग्रजांचे फावले. जळगाव-धुळ्याच्या व्याख्यानांतूनही हा विचार वारंवार ऐकू येतो. आपल्या दोषांची चर्चा जरूर व्हावी. परंतु तिच्यासाठी दुसऱ्याच्या इतिहासाला नसलेली एकी बहाल करू नये.

रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून उठल्यावर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोकांनी तेथे वेसेक्स, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया अशी परस्परांशी लढणारी राज्ये उभी केली. वेल्समध्ये मूळचे ब्रिटन लोक आपले राजे राखून होते, तर उत्तरेकडे पिक्ट आणि गेल लोकांची राज्ये होती. मर्सियाच्या ऑफा राजाने (७५७–७९६) वेल्सच्या सीमेवर मैलोगणती मातीचा बांध घातला. देश एकसंध असता, तर हा बांध कोणाला अडवण्यासाठी होता, असा प्रश्न लेखकांना पडायला हवा होता.

नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी यांतील बहुतेक राज्ये बुडवली. वेसेक्सच्या आल्फ्रेडलाही ८७८ साली सॉमरसेटच्या दलदलीत आश्रय घ्यावा लागला होता आणि त्याच वर्षी एडिंग्टनची लढाई जिंकून त्याने राज्य सावरले. त्याची मुलगी एथेलफ्लेड हिने पतीच्या निधनानंतर ९११ ते ९१८ मर्सियाचा कारभार स्वतः पाहिला, तटबंदीची गावे वसवली आणि डर्बी व लेस्टर डेनांकडून परत मिळवले. आपल्याकडे इंग्लंडच्या राण्या म्हटल्या की एलिझाबेथ आणि व्हिक्टोरिया यांच्यापलीकडे कोणी जात नाही, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला. आल्फ्रेडचा नातू एथेलस्टन याने ९२७ साली यॉर्क घेतले आणि ९३७ साली ब्रुनानबर्गच्या लढाईत डब्लिनचे नॉर्स (मूळचे नॉर्वेकडील लोक), स्कॉट आणि उत्तरेकडील स्ट्रॅथक्लाइड राज्याचे ब्रिटन यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. अखंड इंग्लंडचा पहिला राजा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण ९३९ साली तो वारताच यॉर्क पुन्हा नॉर्स राजांकडे गेले. पुढे १०१६ साली तर संपूर्ण इंग्लंडच डेन्मार्कच्या राजघराण्यातील कॅन्यूटच्या हाती आले.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्ज येथे इंग्लंडचा राजा हॅरल्ड याला मारून गादी घेतली, हे शाळेत शिकवले जाते. त्यानंतर काय झाले, ते सहसा शिकवले जात नाही. उत्तरेकडील लोकांनी बंड केल्यावर विल्यमने १०६९–७० च्या हिवाळ्यात त्या भागातील धान्य, जनावरे आणि अवजारे जाळून नष्ट केली. लोक उपासमारीने मेले, आणि १०८६ च्या डूम्सडे या जमीन-मालमत्तेच्या सरकारी पाहणीतही यॉर्कशायरमधील कितीतरी गावे ‘ओसाड’ म्हणून नोंदली गेली. सरदारांच्या जमिनी नॉर्मनांना मिळाल्या. पुढे अनेक पिढ्या दरबारात फ्रेंच, दप्तरात लॅटिन आणि शेतावर इंग्रजी अशी स्थिती राहिली. १३९९ साली चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क इंग्रजीतून मांडला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. घरात अहिराणी, भिली, गुजरी किंवा लेवा बोली आणि कचेरीत दुसरीच भाषा हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या खानदेशी वाचकाला ही स्थिती समजायला जड जाऊ नये.

इंग्लंडच्या जॉन राजाने सरदारांना दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेविषयी पुरवणीत पुष्कळ छापून आले आहे, म्हणून एवढेच नोंदवतो की, १२१५ च्या त्या सनदेत वेल्सचा सत्ताधीश लिवेलिन याचा मुलगा आणि स्कॉटलंडच्या राजाच्या बहिणी यांना सोडण्याविषयीची कलमे आहेत. जॉन राजाने शेजारच्या सत्तांची माणसे ओलीस ठेवली होती, याचा हा त्याच सनदेतील पुरावा आहे. पहिल्या एडवर्डने १२८२–८३ मध्ये वेल्स जिंकून तेथे कॉन्वी, कार्नार्व्हन यांसारखे किल्ले बांधले. स्कॉटलंड मात्र त्याच्या वंशाला पचले नाही आणि १३१४ साली बॅनकबर्न येथे रॉबर्ट ब्रूसने त्याच्या मुलाचा पराभव केला. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे तर १४६८–६९ पर्यंत स्कॉटलंडचीही नव्हती; ती नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होती.

आता आपल्याकडील तारखा पाहाव्यात. तापीकाठच्या थाळनेर येथे मलिक राजाने १३८२ च्या सुमारास स्वतंत्र कारभार सुरू केला, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर दुसरा रिचर्ड आणि स्कॉटलंडच्या गादीवर दुसरा रॉबर्ट होता. फारुकींचे राज्य दोन शतकांहून अधिक टिकले आणि जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर संपले. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती त्याच्या काही दिवस आधी, ३१ डिसेंबर १६०० रोजी. त्या दिवशीही इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन वेगळी राज्ये होती. दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले ते १६०३ साली, आणि संसद एक झाली ती १७०७ साली. सनद मिळवून व्यापारास निघालेली कंपनी एकसंध ब्रिटनची नव्हतीच, त्यामुळे त्या एकीने तिला यश दिले हा युक्तिवाद टिकत नाही. यशाची कारणे आरमार, भांडवल आणि अठराव्या शतकातील राजकारण यांत शोधावी लागतील आणि तो स्वतंत्र विषय आहे.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आपली पुरवणी कात्रणे काढून जपतात. म्हणून पुढील अंकात या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि जागा असल्यास इसवी सन १००० च्या सुमाराचा ब्रिटनचा नकाशा सीमांसह द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव