एका नव्या रकान्याला किती मार्क? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री यांस,

सादर नमस्कार.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी फोनची हेल्पलाइन चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी समन्वयक आहे. आमच्याकडे दोन फोन आहेत, पाळीपाळीने बसणारे स्वयंसेवक आहेत आणि प्रत्येक फोनची नोंद ठेवायला एक छापील फॉर्म आहे. आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून ते फॉर्म एक्सेलमध्ये चढवतं. या एक्सेलमुळेच विद्यापीठाशी आमची ओळख झाली. गेल्या तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या तीन टीम आमच्याकडे डेटा प्रकल्प करून गेल्या. चार-पाच मुलं, एक मार्गदर्शक, एक सत्र, शेवटी प्रेझेंटेशन आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो.

मुलांबद्दल माझी तक्रार नाही. बोलायचं आहे ते मार्कांबद्दल. अशा प्रकल्पांना किती श्रेयांक (क्रेडिट), कशासाठी आणि ते कोणी द्यायचे, याची मोठी चौकट आपल्या खात्यात ठरते. म्हणून हे पत्र त्या विद्यापीठाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

पहिल्या टीमने आम्हाला डॅशबोर्ड करून दिला. रंगीत नकाशा, फिरणारे तक्ते, महिना निवडला की आकडे बदलायचे. आम्ही हरखून गेलो. कार्यकारिणीच्या बैठकीत दाखवला, देणगीदारांना दाखवला. पुढच्या वर्षी एक दिवस तो उघडेना. शोधाशोध केल्यावर कळलं, की तो टीममधल्या एका मुलाच्या विद्यापीठाच्या ईमेलवर उभा होता. मुलगा पास होऊन गेला आणि त्याचा ईमेल बंद झाला. मुलाला फोन केला तर बिचारा नवीन नोकरीतून रात्री दहाला वेळ काढून बोलला, पण त्याच्याही हातात काही उरलं नव्हतं. पासवर्ड कुठे लिहिलेला नव्हता आणि आकडे कसे भरायचे याचं अर्ध्या पानाचं टिपणसुद्धा नव्हतं. असायचं कसं? त्याला मार्क नव्हते.

दुसऱ्या टीमने आलेख काढले. एका आलेखात दोन महिने फोनची संख्या धाडकन खाली आलेली, आणि वर मथळा: 'एकाकीपणात लक्षणीय घट'. मी आणि आमच्या एक जुन्या स्वयंसेविका एकमेकींकडे बघत राहिलो. त्या दोन महिन्यांत त्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फॉर्म टेबलाच्या खणात पडून होते, एक्सेलमध्ये चढवायला कोणी नव्हतं. फोन नेहमीसारखेच वाजत होते.

यात मुलांना हसण्यासारखं काही नाही, मोठमोठ्यांचंही असं होतं. २०२०च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यातून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती, आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. साथ ओसरली नव्हती, पान भरलं होतं. आकडा कोणाच्या हातून, कोणत्या कागदावरून आणि कोणत्या अडचणीतून येतो हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, हा धडा वर्गात कितीही वेळा सांगितला तरी खणातले फॉर्म डोळ्यांनी पाहिल्यावरच मनात बसतो. अशा प्रकल्पांचा मोठा फायदा हाच. पण त्यासाठी मुलांनी आमच्या खणापर्यंत पोचायला हवं. दुसरी टीम सत्रभरात आमच्याकडे दोनदाच आली, एकदा फाइल घ्यायला आणि एकदा फोटोला.

आता तिसरी टीम. तिच्यातली एक मुलगी जरा वेगळी निघाली. एक्सेलमध्ये 'इतर' या कारणाखाली निम्म्याहून जास्त नोंदी पाहून ती अडखळली. आमच्या फॉर्मवर फोनची कारणं छापलेली असतात: आजार, औषधं, पैसे, कागदपत्रं, घरातले वाद आणि शेवटी 'इतर'. तिच्या टीमचा बेत होता 'इतर' काढून टाकून उरलेल्या नोंदींवर काम करायचा. स्वच्छ डेटा म्हणतात ना, तसा. ही म्हणाली, थांबा, मी जरा बघून येते. आणि तीन दुपारी फोनच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली. फोन करणाऱ्याचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, ते आम्ही कोणालाच ऐकू देत नाही. ती बघत होती फक्त लिहिणाऱ्याचा हात.

हात 'इतर'वर कधी जातो? समोरचा माणूस वीस-पंचवीस मिनिटं बोलतो, हवापाण्याचं, जुन्या नोकरीचं, गुडघ्याचं, आणि 'बरं, ठेवतो' म्हणून फोन ठेवतो. लिहिणाऱ्या ताई पेन हातात धरून क्षणभर थांबतात, सगळी कारणं वरून खाली वाचतात आणि शेवटी 'इतर'वर खूण करतात. तिने विचारलं, 'ताई, कशासाठी होता फोन?' ताई म्हणाल्या, 'अगं कशासाठी म्हणजे, बोलायचं होतं त्यांना.'

हेल्पलाइन ज्यासाठी काढली, नेमका त्यासाठीच आमच्या फॉर्मवर रकाना नव्हता. इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्या मुलीने सुचवलं, फॉर्मवर एक कारण वाढवा: 'फक्त बोलायचं होतं'. आम्ही वाढवलं. दोन-तीन महिन्यांत दिसायला लागलं, की असे फोन संध्याकाळी दाटतात, आणि संध्याकाळच्या पाळीला आम्ही सगळ्यात नवखे स्वयंसेवक बसवत होतो. पाळ्या बदलल्या. आता त्या वेळेला ज्यांना ऐकून घेता येतं अशी माणसं फोनवर असतात. तीन वर्षांत तीन टीमनी केलेल्या कामातलं आमच्याकडे आज रोज वापरात असलेलं काम हे एवढंच आहे.

मार्क? दुसऱ्या टीमने पुढच्या वर्षी किती फोन येतील याचं भाकीत करणारं मॉडेल बांधलं होतं, त्यांना चांगले मिळाले. तिसऱ्या टीमला परीक्षकांनी विचारलं, 'यात ॲनालिसिस कुठे आहे?' गुणतक्त्यात तांत्रिक काठिण्य होतं, सादरीकरण होतं, अहवालाची मांडणी होती. संस्थेला उपयोग काय झाला, हा रकाना तिथेही नव्हता. आमचं मत कोणी विचारलं नाही. नंतर त्या मुलीनेच मला सांगितलं, टीममधली बाकीची मुलं तिच्यावर नाराज आहेत, 'तुझ्यामुळे आपले मार्क गेले' म्हणून. पुढच्या वेळी ती खुर्ची टाकून बसेल का? मी तिच्या जागी असते तर बसले नसते.

मुलं हुशार असतात. मार्क जिकडे, मेहनत तिकडे. मॉडेलला मार्क ठेवले तर मॉडेल येतील. पाट्या टाकायच्या म्हटल्या तर मॉडेलच्याही टाकता येतात.

हे सगळं मी पहिल्यांदा सांगते आहे अशातला भाग नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७०च्या दशकात 'सायन्स शॉप' सुरू केली. नागरिकांच्या गटांनी, छोट्या संस्थांनी प्रश्न घेऊन यायचं आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उत्तर शोधायचं. येणाऱ्यांसाठी साधारण तीन अटी असत: संशोधनाचा खर्च परवडत नसावा, नफा कमावण्याचा हेतू नसावा, आणि उत्तर मिळाल्यावर ते वापरण्याची कुवत असावी. तिसरी अट मला फार आवडते, कारण ती आम्हालाही कामाला लावते. २०१३मध्ये अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात रायिद घानी यांनी 'डेटा सायन्स फॉर सोशल गुड' हा उपक्रम सुरू केला, विद्यार्थ्यांनी सामाजिक संस्थांसाठी डेटाची कामं करायचा. प्रकल्पाची आखणी करताना त्यांच्या पद्धतीत आधी संस्थेचं उद्दिष्ट विचारतात, मग कोणती कृती बदलणार हे विचारतात, डेटाची पाळी त्यानंतर येते आणि विश्लेषणाची सगळ्यात शेवटी. आपल्याकडे मुलं येतात आणि पहिलं वाक्य असतं, 'मॅडम, तुमच्याकडे डेटा कोणता आहे?'

दुसरं दुखणं सत्राचं. सत्र संपलं की टीम संपते. नवी टीम येते आणि पहिले पाढे पंचावन्न: संस्थेची ओळख, फॉर्मची ओळख, तारखांचा घोळ. (आमच्या एक्सेलमध्ये ०३/०४ म्हणजे कधी तीन एप्रिल असतो तर कधी चार मार्च. कोणत्या महिन्यापर्यंत कोणती पद्धत होती हे प्रत्येक टीमने नव्याने शोधून काढलं आणि एकीनेही लिहून ठेवलं नाही.) अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५पासून 'एपिक्स' नावाचा कार्यक्रम चालतो, विद्यार्थ्यांनी समाजातल्या संस्थांसाठी अभियांत्रिकीची कामं करायचा. तिथे टीम एका सत्रापुरती नसते. पहिल्या वर्षाची आणि शेवटच्या वर्षाची मुलं एकाच टीममध्ये असतात, जुनी जातात, नवी येतात, आणि संस्थेचं काम वर्षानुवर्षं पुढे सरकतं. आपल्याकडे निदान दोन सत्रं सलग दिली, आणि टीममध्ये खालच्या वर्गातली दोन मुलं मुद्दाम घातली, तरी आमचा डॅशबोर्ड वाचला असता.

गोपनीयतेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे आम्ही थोडक्यात वाचलो. एका टीमने आपला कोड इंटरनेटवर सार्वजनिक जागी ठेवला आणि सोबत आमची फाइलही चढली. आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं म्हणून ती लगेच उतरवली. मुलांचं म्हणणं प्रामाणिक होतं: 'मॅडम, नावं आणि फोन नंबर आम्ही आधीच काढले होते.' नावं काढली की माणूस लपतो, असं त्यांना वाटत होतं. १९९०च्या दशकात लटान्या स्वीनी यांनी, त्या स्वतः तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकत होत्या, तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून टाकलेल्या माहितीतून शोधून दाखवल्या होत्या. मतदारयादी शेजारी ठेवली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला, संपलं. पुढे त्यांनीच १९९०च्या जनगणनेवरून अंदाज मांडला, की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांच्या बाबतीत या तीन गोष्टींचा मेळ बहुधा एकाच माणसाशी जुळतो. आमच्या फाइलमध्ये वय होतं, वस्ती होती, तारीख आणि वेळ होती. एकट्या राहणाऱ्या ८१ वर्षांच्या बाई एका वस्तीत किती असणार? प्रकल्प सुरू होण्याआधी मुलांनी आणि संस्थेने मिळून डेटाचा लेखी करार करावा, कोणाला काय दिसेल, कुठे ठेवायचं, सत्र संपल्यावर कोणी पुसायचं, हे त्यात असावं, आणि त्याशिवाय श्रेयांक मिळू नयेत. या एका बाबतीत मी सक्तीच्या बाजूची आहे.

आमच्या बाजूचीही चूक लिहिते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. विद्यापीठातून विचारणा आली की आम्ही छोट्या संस्था लगेच 'हो' म्हणतो. फुकटचे हात मिळतात, अहवालात एक ओळ वाढते. आपला प्रश्न काय, याचा विचार आम्ही मुलं दारात आल्यावर करतो. टीमला वेळ द्यायला माणूस ठेवत नाही, कारण ठेवायला पैसे नसतात. एका टीममागे माझे आठवड्याचे दोन-तीन तास सहज जातात, आणि ते हेल्पलाइनच्याच वेळातून जातात. विद्यापीठ पाहुण्या व्याख्यात्याला मानधन देतं. सत्रभर शिकवणाऱ्या संस्थेला काही द्यावं असं कोणाला वाटत नाही, एवढंच नोंदवून पुढे जाते.

तर मागणी साधी आहे. या प्रकल्पांच्या गुणतक्त्यात ठळक वाटा 'संस्थेत काय बदललं' याला असावा आणि तो संस्थेला विचारून द्यावा. काही बदललं नसेल तर का नाही, हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या टीमलाही तिथे मार्क मिळावेत, नाहीतर मुलं ओढूनताणून बदल दाखवतील आणि आम्ही भिडेखातर सही करू. हस्तांतराच्या टिपणाला वेगळे मार्क असावेत, आणि ते टिपण वाचून आमच्यातल्या एका स्वयंसेवकाला काम करता आलं तरच ते पुरं झालं असं धरावं. प्रत्यक्ष येऊन बसण्याचे तास मोजले जावेत. टीममध्ये कोण राबलं आणि कोणाचं फक्त नाव लागलं, हे मुलांनाच एकमेकांबद्दल गुप्तपणे लिहू द्यावं, आम्हाला ते दिसतं पण आम्हाला विचारत कोणी नाही.

परीक्षकांची अडचण मला कळते. मॉडेलची अचूकता आकड्यात मोजता येते. एका मुलीने तीन दुपारी एका हाताकडे बघितलं, ते कसं मोजायचं? पण तिने 'इतर'मध्ये काय दडलंय ते शोधलं, त्यासाठी पाहणी केली, फॉर्म बदलला, नव्या नोंदी तपासून बदल बरोबर होता हे दाखवलं. संशोधन याहून वेगळं काय असतं, हे त्या परीक्षकांनी मला समजावून सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे.

मूल्यमापनाची नवी चौकट आपल्या खात्यात जेव्हा केव्हा लिहिली जाईल, तेव्हा तिचा मसुदा पक्का होण्याआधी आमच्यासारख्या आठ-दहा संस्थांकडे पाठवावा. वाचून, कागदावर खुणा करून आठ दिवसांत परत पाठवू. आमची पुढची टीम येत्या सत्रात येते आहे. जमलं तर त्याआधी पाठवा.

आपली नम्र,
एका सहभागी संस्थेची समन्वयक