झुनीची गोष्ट मला उलगडून दाखवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच विषय पावसावर नाहीतर मासळीच्या भावावर नेता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. काका मुंबई बंदरात खलाशी म्हणून लागले आणि टग मास्तर म्हणून, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचे कप्तान म्हणून, रिटायर झाले, आता अलिबागजवळ असतात. मी न्यू जर्सीत. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला 'झुनी' या अमेरिकन नौदलाच्या टगवर लेख लिहायचा होता, कारण ती आमच्याच केप मेच्या समोर खोल समुद्रात तळाशी आहे, मे 2017 मध्ये माशांना आसरा व्हावा म्हणून तिला मुद्दाम बुडवून तिथे रीफ केली. पोर्टलंडच्या कमर्शियल आयर्न वर्क्समध्ये बांधलेली, ऑक्टोबर 1943 मध्ये नौदलात आली, लांबी 205 फूट, माणसं साधारण 85. हे सगळं मला कागदावर मिळालं होतं. पण पुढची नोंद वाचली की अमुक जहाज टो केलं, म्हणजे ओढून नेलं, तमुक बेटावर सोडलं, परत निघाली, परत टो. महिनेच्या महिने तेच, लढाई दिसतच नव्हती मला त्यात.

काका, तुम्ही ती यादी ऐकलीत आणि रेनोच्या नोंदीवर मला थांबवलंत. रेनो ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, 3 नोव्हेंबर 1944 च्या रात्री फिलिपाइन्सच्या पूर्वेला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि झुनीने तिला उलिथी या पॅसिफिकमधल्या अमेरिकन तळापर्यंत ओढत आणलं, 1,500 मैल. मी ते वाक्य वाचून पुढे जात होते आणि तुम्ही विचारलंत, "वायर किती सोडली असेल गं?" तिथून पुढे त्या दिवशी आपण दुसरं काही बोललोच नाही.

वायर ताठ दिसली की मास्तरची झोप उडते, हे तुमच्याकडून कळलं. भर समुद्रात टो करताना वायर इतकी लांब सोडायची की मधला भाग स्वतःच्या वजनाने पाण्यात खोल झोळ घेतो, आणि लाटेचा हिसका आला की आधी तो झोळ सरळ होतो, वायरवर एकदम ताण येत नाही. पुढची टग लाटेवर चढत असताना मागचं जहाज उतरत असेल तर वायर कमी-जास्त करून दोघांना एका तालात आणायचं. मागच्याला सुकाणू नसेल तर ते डावी-उजवीकडे झोके घेत राहतं, आत पाणी भरलेलं असेल तर एका बाजूला कलतं आणि सावकाश परत येतं, आणि हे सगळं अंधारात, दिवे बंद, पाणबुडी आसपास असेलच असं धरून. झुनीची इंजिनं डिझेल-इलेक्ट्रिक होती असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही केवढे खूश झालात! डिझेलवर वीज, विजेवर मोटर, म्हणून जहाजाचा पाण्याखालचा पंखा अगदी हळू फिरवून वायरचा ढिलेपणा हिसका न देता उचलता येतो. मी ते 'तांत्रिक माहिती' म्हणून चौकटीत टाकणार होते, तुमच्यामुळे ते लेखाच्या मधोमध आलं.

ह्यूस्टन या दुसऱ्या क्रूझरचं तर मी आता कोणालाही सांगत सुटते. 14 ऑक्टोबर 1944, फॉर्मोसाजवळ (आजचं तैवान) टॉर्पेडो लागून ह्यूस्टनची इंजिनं गेली. आधी बोस्टन नावाच्या क्रूझरने ओढली, मग पॉनी या टगने, म्हणजे झुनीच्याच जातीच्या बहिणीने. वेग जेमतेम 5 नॉट. आणि अमेरिकन ॲडमिरल हॅल्सेसाहेबांनी तर या लंगड्या जहाजांचं आमिष करून जपानी आरमाराला बाहेर काढायचा बेत केला होता! 16 तारखेला विमानं आली, ह्यूस्टनच्या मागच्या भागात दुसरा टॉर्पेडो बसला, पेट्रोल पेटलं. आत 6,000 टनांहून जास्त पाणी. अशा वेळी टगने वायर सोडली असती तर कोणी नावं ठेवली नसती, पण पॉनीने निरोप पाठवला, आम्ही धरून राहतो. पुढे झुनीही मदतीला आली आणि 27 ऑक्टोबरला ह्यूस्टन उलिथीला पोचली. हे सांगितल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात आणि मग म्हणालात, "त्या विंचवाल्याचं, वायर सोडणाऱ्या-ओढणाऱ्याचं, नाव कुठे लिहिलंय का बघ." मी बघतेय काका, अजून शोध चालू आहे.

इवो जिमा या जपानी बेटाचा भाग मी तुमच्याशिवाय लिहूच शकले नसते. मार्च 1945, एलएसटी 944 ही रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी बोट किनाऱ्याला अडकलेली आणि तिला काढायला गेलेली झुनी स्वतःच किनाऱ्यावर आपटली, कणा मोडला, तळाला भोकं पडली, दोन माणसं गेली. मला प्रश्न होता की एवढी दमदार टग अशी कशी अडकते. तुम्ही सांगितलंत की टगची ताकद खोल पाण्यातली, तिचा पंखा खाली असतो, उथळात तिला वळायला जागा नाही, आणि एकदा का ती लाटेला आडवी गेली की प्रत्येक लाट तिला अजून वर ढकलते. आणि तरी जवळ जावं लागतं, कारण वायर द्यायची तर जवळ जायलाच हवं. हे बोलताना तुमचा आवाज बदलला होता, तुमच्या कामातलं काहीतरी आठवलं असणार, मी विचारलं नाही.

माझ्या मते टगचा इतिहास नुसता बॅटल स्टार, म्हणजे लढाईतल्या सहभागाची पदकं, मोजून लिहूच नये. झुनीला चार मिळाले, छानच आहे, पण तिचं खरं काम तिने परत आणलेल्या जहाजांच्या नोंदीत आहे, आणि ती नोंद वाचायला वायर हाताळलेला माणूस लागतो. याच जातीची सेमिनोल ग्वाडलकॅनालजवळ 1942 मध्ये बुडाली, आणि पहिली नावाहो 1943 मध्ये, पेट्रोलचा बार्ज ओढत असताना. टो मागे असलेल्या टगला पळता येत नाही, हेही तुमचंच वाक्य.

दुरुस्तीनंतर 1946 मध्ये झुनी कोस्टगार्डकडे गेली आणि 'टमारोआ' झाली. 1956 मध्ये आंद्रेआ डोरिया हे इटालियन प्रवासी जहाज बुडताना मदतीला धावलेल्या बोटींत ती होती, आणि ऑक्टोबर 1991 च्या त्या भयानक वादळात समुद्रात उतरावं लागलेल्या हेलिकॉप्टरच्या पाच जणांपैकी चौघांना तिने रात्री पाण्यातून वर घेतलं, तेव्हा ती 48 वर्षांची होती. 1994 ला रिटायर झाली.

लेख छापून आलाय. तुम्ही नाव घालू नको म्हणालात म्हणून 'मुंबई बंदरातले एक टग मास्तर' एवढंच लिहिलंय, पण वायरचा अख्खा परिच्छेद तुमच्या शब्दांत आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही. तीन प्रती पाठवतेय, एक तुम्हाला, दोन तुमच्या जुन्या टगवरच्या मंडळींना द्या. आणि काकूंना सांगा, रात्री-अपरात्री फोन करून तुम्हाला जागं ठेवायची त्याबद्दल त्यांचेही खूप आभार.

तुमची,
न्यू जर्सीची पुतणी