‘हा हात माझा नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाविषयी

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत अर्धांगवायूविषयी अधूनमधून चांगली माहिती येते. तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे, बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे आता पुष्कळांना ठाऊक झाली आहेत आणि त्यामुळे रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचू लागले, तर त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु या आजाराची एक बाजू अशी आहे की, तिच्याविषयी नातेवाइकांना बहुधा कोणीच काही सांगत नाही आणि मग घरी गेल्यावर रुग्णाला नाहक बोलणी खावी लागतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा रुग्णांकडून व्यायाम करून घेताना हे वारंवार दिसत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना आपला डावा हात आपला वाटेनासा होतो. हात समोर उशीवर ठेवलेला असतो, रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, वार-तारीख बिनचूक सांगतो, भेटायला आलेल्यांना नावानिशी ओळखतो. आणि ‘हा हात कोणाचा?’ असे विचारले की त्या हाताकडे नीट पाहून तो शांतपणे म्हणतो, ‘माझ्या भावाचा.’ हात खांद्यापर्यंत चाचपून दाखवला तरी त्याचे उत्तर बदलत नाही. नातेवाईक आधी हसण्यावारी नेतात, मग समजावतात, मग चिडतात. आणि शेवटी ‘यांना भ्रम झाला’ किंवा ‘मुद्दाम हट्ट करतात’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

वैद्यकशास्त्राला हा प्रकार नवा नाही. अर्धे अंग लुळे पडूनही ते लुळे पडल्याचे रुग्णाला कळतच नाही, या स्थितीचे वर्णन फ्रान्समधील मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ साली केले होते. स्वतःचा अवयव परका वाटण्याच्या लक्षणाला १९४२ साली मेंदूविकारतज्ज्ञ गेर्स्टमान यांनी ‘सोमॅटोपॅराफ्रेनिया’ हे नाव दिले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतील रुग्ण स्त्री डावा हात तर नाकारत होतीच, पण त्या हातातल्या स्वतःच्या अंगठ्याही आपल्या नाहीत असे सांगत होती. त्याच अंगठ्या उजव्या हातात घातल्या की मात्र ती त्या लगेच ओळखत असे. जिची स्मरणशक्ती गेली आहे किंवा जी हट्टाने खोटे बोलत आहे, अशा व्यक्तीचे वागणे असे असणार नाही.

आपले शरीर आपल्याला ओळखता येते, यात विशेष ते काय, असे निरोगी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही ओळख मेंदूला क्षणोक्षणी नव्याने जुळवावी लागते. डोळ्यांना काय दिसते, त्वचेला कोणता स्पर्श कळतो आणि स्नायू-सांध्यांतून अवयवाच्या स्थितीविषयी कोणते संदेश येतात, या सगळ्यांचा मेळ बसला की ‘हे माझे’ ही जाणीव उमटते. मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे फार स्पष्टपणे दिसते. दहा व्यक्तींचा डावा हात पडद्याआड ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रबराचा हात मांडला. मग खरा हात आणि रबरी हात या दोहोंवरून एकाच वेळी, शक्य तितक्या एकाच लयीत दोन लहान कुंचले फिरवले. दहा मिनिटांच्या या प्रयोगात, जिथे रबरी हाताला कुंचला लागताना दिसतो तिथेच आपल्याला स्पर्श होतो आहे आणि तो हात जणू आपलाच आहे, असे लोकांना वाटू लागले. दोन्ही कुंचल्यांचा मेळ मुद्दाम बिघडवला की ही जाणीव पुष्कळच ओसरते. पुढे अशाच एका प्रयोगात रबरी हाताचे बोट मागे वाकवले, तेव्हा पाहणाऱ्याच्या त्वचेवर भीतीची प्रतिक्रिया मोजता आली. हे सारे धडधाकट लोक होते, हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या मेंदूने थोड्या वेळात एक परका हात आपला मानला. तर ज्याच्या मेंदूतील ही जुळवणी करणाऱ्या भागालाच इजा झाली आहे, त्याला आपला हात परका वाटणे अशक्य का मानावे?

उलट प्रकार तर अनेकांनी ऐकलेला असतो. हात किंवा पाय कापावा लागल्यानंतरही तो जागेवर असल्याचे, इतकेच नव्हे तर दुखत असल्याचे बहुसंख्य रुग्ण सांगतात. त्यांच्यावर सहसा कोणी अविश्वास दाखवत नाही.

अशा रुग्णाशी वाद घालून काही साधत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ही जाणीव तर्काने आलेली नसल्यामुळे ती तर्काने जातही नाही. काही रुग्ण आरशात पाहताना तोच हात आपला म्हणतात आणि आरसा काढताच पुन्हा नाकारतात. डाव्या कानात थंड पाणी सोडून शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला चेतवले, तर थोड्या वेळापुरती ओळख परतल्याचेही नोंदवले गेले आहे. अर्थात हे तज्ज्ञांनी करायचे काम आहे, घरी कोणीही करू नये. यातून इतके नक्की कळते की ही ओळख मुळापासून पुसली गेलेली नसते.

व्यवहारात धोका निराळाच असतो. जो हात आपला वाटत नाही, त्याला माणूस जपत नाही. तो हात व्हीलचेअरच्या चाकात अडकतो, अंगाखाली दबतो, गरम भांड्याला टेकलेला राहतो, खांद्यातून लोंबत राहून सांधा दुखावतो. म्हणून बसताना तो हात उशीवर किंवा समोरच्या टेबलावर, रुग्णाच्या नजरेसमोर ठेवावा. अंग पुसताना, कपडे घालताना ‘हा तुमचा डावा हात’ असे म्हणत त्याला हळुवार स्पर्श करावा. आणि रुग्णाने नाकारले तर ‘तुम्हाला तसे वाटते आहे, पण आपण याला जपू या’ एवढेच म्हणून पुढे जावे. बऱ्याच रुग्णांत हे लक्षण काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. ते लांबले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

रुग्णाला घरी सोडताना औषधांच्या वेळा समजावून सांगतात, पथ्य सांगतात. त्याच वेळी या लक्षणाविषयी चार वाक्ये नातेवाइकांच्या कानावर घालावीत, ही रुग्णालयांना विनंती आहे. आपल्या पुरवणीत अर्धांगवायूवरचा पुढचा लेख येईल, तेव्हा त्यात या विषयाला थोडी जागा द्यावी, ही आपल्याला विनंती.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट