ब्रनोहून आई-बाबांना

ब्रनो,
भाऊबीज

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर आईचा पहिला प्रश्न जेवणाचा आणि दुसरा थंडीचा असतो, आणि बाबांच्या हाती फोन येईपर्यंत माझी ऑफिसची वेळ झालेली असते, त्यामुळे सहलीची हकिगत सांगायची राहूनच गेली. बाबांनी ही सगळी गावे नकाशावर शोधून ठेवली आहेत असे छोटू म्हणाला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. खोलीत हीटर आहे, तो चालतो, आणि आईने दिलेली शाल मी घरात वापरते.

दिवाळीला घरी यायला सुट्टी मिळत नाही आणि भटकायला बरी मिळते, असे काकू म्हणाल्याचे कळले. 28 ऑक्टोबरला इथे चेक प्रजासत्ताकात राष्ट्रीय सुट्टी असते, कारण 1918 साली त्या दिवशी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. यंदा ती सोमवारी आली, नेमकी वसुबारसेलाच, आणि शनिवार-रविवारला जोडून आली. एवढ्या अवधीत मुंबईला येऊन परत जाणे शक्य नव्हते, हे काकूंना आपण समजावून सांगावे. मी एकटीही गेले नव्हते. ऑफिसातली सांगलीची मैत्रीण आणि तिचे यजमान यांच्या गाडीतून गेले, रात्रीच्या आत मुक्कामी पोहोचत होतो, आणि राहण्याचा खर्च तिघांत वाटून घेतला.

पहिला थांबा तेल्च. हे गाव म्हणजे खरे तर एक लांबट चौक आणि त्याच्या कडेची घरे. 1530 साली आगीत ते जळाले आणि त्यानंतर तिथल्या झाखारियाश नावाच्या सरदाराने इटलीचे कारागीर आणून स्वतःचा वाडा नव्या पद्धतीने बांधून घेतला. मालकाचे पाहून गावकऱ्यांनीही आपापल्या घरांच्या दर्शनी भिंती तशाच कमानदार, वर निमुळत्या करून रंगवल्या. 1992 पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे. घरांच्या पुढे सलग कमानींची पडवी असल्यामुळे पाऊस असूनही आम्ही कोरडे राहिलो (आई, छत्री होती). तिथे कुलायडा नावाचे सूप घेतले. त्यात साय, बटाटा, अळंबी आणि भरपूर शेपू असतो. वरून अंडे सोडतात, ते मी आधीच नको म्हणून सांगितले होते. शेपूची भाजी पाहून ताटावरून उठणारी मुलगी इथे शेपूचे सूप मागून घेते, यावर आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

तिथून त्रेबोन. बाबा, तुम्हाला पाटबंधाऱ्यांची आवड असल्यामुळे हे खास तुमच्यासाठी. या भागात सोळाव्या शतकात दलदल आटवून शेकडो तळी खणली आणि ती एका लांब कालव्याने जोडली. त्यांतले सर्वांत मोठे रोझम्बेर्क तळे याकुब क्रचिन नावाच्या कारभाऱ्याने 1584 ते 1590 या काळात बांधले. त्याचा मातीचा बांध आजही पाणी अडवतो आणि त्या बांधावर मोठमोठे ओक उभे आहेत. ही तळी मुळातच माशांसाठी केलेली आहेत. शरद ऋतूत पाणी सोडून देतात आणि उरलेल्या डबक्यातून कार्प नावाचा मासा जाळ्याने ओढून काढतात. नाताळच्या आधी तो रस्त्यांवर मोठ्या टपांतून जिवंत विकतात, नाताळच्या रात्री बहुतेक घरी तोच शिजतो, आणि वर्षभर पैसा टिकावा म्हणून त्याचा एक खवला पाकिटात ठेवतात. ऑफिसातल्या एका बाईंनी गेल्या नाताळात मलाही खवला दिला होता. आपण माळकरी असल्याचे सांगून मी तो नम्रपणे परत केला.

क्रुमलोव मात्र पाहण्यासारखेच आहे. प्रागमधून वाहणारी व्ल्तावा नदी इथे अजून लहान आहे. ती गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालून जाते आणि पलीकडच्या खडकावर किल्ला आहे. किल्ल्याच्या खंदकात अस्वले पाळली आहेत. भिंतींवरचे दगड जवळ जाऊन पाहिले तर कित्येक ठिकाणी ते दगड नसून गिलाव्यावर काढलेले चित्र असते, सावल्यांसकट. पाच पाकळ्यांचा गुलाब हे निशाण असलेल्या रोझम्बेर्क घराण्याची ही गादी. त्यातला शेवटचा पुरुष पेत्र वोक इतका कर्जात बुडाला की 1602 साली त्याने हे सगळे गाव किल्ल्यासकट सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला विकले आणि आपण त्रेबोनला जाऊन राहिला. एवढे वैभव आणि शेवटी हप्ते फिटले नाहीत, असा विचार मनात आला. आपले घराचे कर्ज मात्र वेळेवर जात आहे, त्याविषयी पुढे लिहिते. गावात पर्यटकांची इतकी गर्दी आहे की गल्ल्यांत स्थानिक माणूस दिसणे कठीण, आणि जिथे तिथे भाजून विकतात त्या नळीसारख्या गोड पावाला जुना चेक पदार्थ म्हणतात, पण ऑफिसातले चेक लोक त्यावर हसतात. मी एक खाल्ला, साखरेशिवाय त्यात विशेष काही नव्हते.

आता त्या फोटोविषयी. काकूंनी माझ्या स्टेटसवर काळ्या पेयाचा मोठा ग्लास पाहिला आणि आईला फोन केला, हे छोटूने सांगितले. तो कोफोलाचा ग्लास होता. कोफोला हे बाहेरचा कोला मिळत नसताना 1960 साली इथे काढलेले वनस्पतींच्या अर्काचे पेय आहे, त्यात दारूचा थेंबही नसतो, लहान मुलेही ते पितात. दुर्दैवाने इथल्या खानावळीत ते बियरसारखेच नळातून आणि तशाच ग्लासात देतात, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. राहिला प्रश्न टेबलावरच्या कागदाचा, ज्यावर रेघा मोजून काकूंनी निष्कर्ष काढला.

इथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत बिल छापून येत नाही. तुम्ही बसून पहिला ग्लास मागितलात की वाढपी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी टेबलावर ठेवतो आणि पेनाने तिच्यावर एक उभी रेघ मारतो. दुसरा ग्लास आला की दुसरी रेघ. जेवण मागितले तर त्याची रक्कम खाली आकड्यात लिहितो. ही पट्टी तो स्वतःजवळ ठेवत नाही, गिऱ्हाइकाच्याच समोर ठेवतो, आणि तरीही कोणी रेघ खोडल्याचे मी पाहिलेले नाही. ती हरवायची नसते, तिच्यावर काही लिहायचे नसते, तिने ओठ पुसायचे तर मुळीच नसते. बियर पिणाऱ्याचा ग्लास संपत आला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि रेघ मारतो. नको असेल तर वेळीच तसे सांगावे लागते, किंवा ग्लासावर त्याची पुठ्ठ्याची चकती झाकून ठेवतात. पाणीसुद्धा फुकट मिळेलच असे नाही, त्याचीही नोंद होते. शिवाय टेबलावर जागा रिकामी असेल तर अनोळखी माणूस येऊन, ‘इथे कोणी आहे का’ एवढे विचारून तुमच्याच टेबलाशी बसतो, आणि त्याची पट्टी वेगळी ठेवतात. आमच्या टेबलावर त्या दिवशी असे एक वयस्कर जोडपे बसले होते. फोटोतली जास्त रेघांची पट्टी त्या आजोबांची आहे. माझी तिच्या शेजारची आहे, तिच्यावर कोफोलाच्या रेघा आहेत आणि खाली जेवणाची रक्कम आहे. मैत्रिणीच्या यजमानांना गाडी चालवायची होती, आणि इथे चालकाच्या रक्तात दारूचा अंशही चालत नाही, तेव्हा त्यांच्याविषयीही शंका नसावी. हे सर्व काकूंना वाचून दाखवले तरी चालेल.

जेवायला मी चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला घेतला, सोबत उकडलेले बटाटे. शाकाहारी माणसाला इथे तो सगळीकडे मिळतो आणि फार खाल्ला की कंटाळा येतो. मांसाहारी लोकांचा मानाचा पदार्थ म्हणजे सायीच्या रश्शातले बीफ. त्याच्याबरोबर क्नेडलिकी असतात, म्हणजे मैद्याचा लांब उंडा पाण्यात उकडून त्याच्या चकत्या करतात. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती म्हणून पाहायला मिळाले: बाई गरम उंड्याखालून दोरा घेत होत्या, त्याची टोके वर आणून फुलीसारखी ओढत होत्या आणि चकती सुटत होती. सुरी लावली तर तो चेपतो. याच कणकेत आख्खे आलुबुखार घालून उकडलेला गोड प्रकारही असतो. वर वितळलेले लोणी, साखर आणि कुस्करलेला पनीर घालतात. तो आपल्या मोदकाच्या फार जवळचा आहे, फक्त कळ्या पाडण्याचे कष्ट इथे कोणी घेत नाही. आई, तुझ्या हातच्या मोदकाची सर त्याला नाही, पण दिवाळीच्या तोंडावर काहीतरी गोड पोटात गेले, हे तुला बरे वाटेल.

परतीच्या वाटेवर सोमवारी कुतना होरा. बाबा, तुम्ही आयुष्यभर बँकेत रोकड मोजलीत, तेव्हा हे गाव मी तुमच्याच नजरेने पाहिले. इथल्या खाणीत चांदी सापडली, आणि 1300 साली राजा दुसरा वाक्लाव याने इटलीतून जाणकार बोलावून ‘प्राग ग्रोशेन’ हे चांदीचे नाणे पाडायला सुरुवात केली. ते मध्य युरोपभर चालत असे. टांकसाळीच्या इमारतीला अजूनही ‘इटालियन वाडा’ म्हणतात. खाणकामगारांची संरक्षक संत बार्बारा, तिचे चर्च 1388 साली बांधायला घेतले. पुढे युद्धे झाली, चांदी आटली, काम थांबले, आणि ते पुरे झाले 1905 साली. आत भिंतीवर राजे-सरदारांच्या जोडीने नाणी पाडणारे कामगार रंगवले आहेत, आणि पांढरा अंगरखा घातलेला, हातात दिवा घेतलेला खाणकामगाराचा एक पुतळा आहे. अंधारात माणूस हरवला तर दिसावा म्हणून पांढरे कपडे, असे सांगतात. कमरेला मागच्या बाजूने चामडे बांधलेले, कारण उतारावरून ते बसून घसरत खाली जात. सगळ्या देवळात मला तो पुतळा जास्त आवडला.

जवळच सेदलेत्स येथे हाडांचे चर्च आहे. आईला हे कसे वाटेल याचा विचार करूनच लिहीत आहे. इथल्या दफनभूमीवर जेरुसलेमची माती शिंपडल्याने लांबलांबचे लोक इथेच पुरून घेत. पुढे चौदाव्या शतकातली प्लेगची साथ आणि त्यानंतरची युद्धे यांतले मृतही इथेच आले. जागा पुरेना तेव्हा हाडे उकरून तळघरात रचली, आणि 1870 मध्ये फ्रांतिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्याने त्यांतून झुंबर, माळा आणि मालक घराण्याचे मानचिन्हसुद्धा करून ठेवले. सुमारे चाळीस हजार माणसांची हाडे असावीत असे मानतात. तिथे फोटो काढू देत नाहीत, म्हणून पाठवला नाही. मला भीती वाटली नाही, थोडे अवघडल्यासारखे मात्र झाले, कारण रांगेतले काही लोक हसत होते. परत आल्यावर मी डोक्यावरून अंघोळ केली.

आता कामाचे. घराच्या कर्जाचा हप्ता आणि छोटूच्या लग्नाच्या कार्यालयाची आगाऊ रक्कम काल पाठवली आहे, बाबांनी पासबुक भरून घ्यावे. दागिन्यांसाठी डिसेंबरात पाठवीन, सोनाराला तोपर्यंत थांबायला सांगावे, उसने घेऊ नये. साखरपुड्याला मला येता येणार नाही. लग्नाला माघात नक्की येते, तिकीट काढले आहे. मात्र आठवड्याच्या वर राहता येणार नाही, हे आत्ताच सांगते, म्हणजे हळदीच्या दिवशी त्यावर चर्चा नको.

दुसरे असे की कंपनीने माझा करार दोन वर्षांनी वाढवला आहे आणि मी सही केली आहे. मुदत जवळ आली होती आणि फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते, म्हणून विचारायला थांबले नाही. पगारही वाढला आहे. त्यामुळे बारामतीच्या मंडळींना स्पष्ट सांगावे की मी दोन वर्षे तरी येणार नाही. त्यांना थांबायचे नसेल तर त्यांना अडकवून ठेवू नये. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. लग्नात भेट घडवायची असेल तर घडवावी, पण सगळ्या पाहुण्यांसमोर नको. थोरली तशीच असताना धाकट्याचे कसे करता, असे विचारणाऱ्यांना, तिनेच करा म्हणून सांगितले, असे उत्तर द्यावे. ते खरेही आहे.

छोटूला आज व्हिडिओवर ओवाळले, त्याने ओवाळणी म्हणून पाचशे रुपये कॅमेऱ्यासमोर धरले आणि परत खिशात घातले. ते त्याच्याकडून वसूल करून आईच्या गुडघ्याच्या तेलासाठी ठेवावेत. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि रक्तदाब तपासला की आकडा मला कळवावा, ‘ठीक आहे’ एवढे पुरत नाही. आजीला माझा नमस्कार सांगावा, आणि तिने करार वाढल्याचे विचारले तर तूर्त सांगू नये, मी लग्नाला आले की स्वतः सांगेन.

आपली,
ताई